उभ्या गाडीतले अठरा तास

शनिवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता श्यामसुंदर म्हणाला, "गाडीत काहीतरी लोचा आहे गं." वसुधा ओट्याशी चहा गाळत होती. चहाची धार कपाच्या कडेवर गेली आणि बशीत सांडली. तिनं बशी पुसून घेतली. तो चष्मा कपाळावर चढवून मोबाइल हातभर लांब धरून वाचत होता. दर महिन्याला गाडीच्या ॲपकडून त्याला रिपोर्ट यायचा, किती किलोमीटर झाले, किती वेळा जोरात ब्रेक दाबला, किती पेट्रोल जळलं. तो रिपोर्ट तो पेपरसारखा सगळा वाचायचा. "इंजिन चालू, गाडी उभी. अठरा तास. एका महिन्यात अठरा तास? सिग्नलबिग्नल धरून चार धर. बाकीचे चौदा आले कुठून?" ती म्हणाली, "ट्रॅफिक किती असतो हल्ली." "ट्रॅफिक तो वेगळा दाखवतो. हे नुसतं उभं राहणं आहे." तिनं चहा त्याच्यासमोर ठेवला आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "कुठे उभी होती तेही दिसतं का?" "ते धवलच्या लॉगिनमध्ये आहे. मला नुसता रिपोर्ट येतो. सेन्सर गेला असणार. सर्व्हिसवाल्यांना दाखवू या, काढतील ते सगळं." त्यानं तिथल्या तिथे गुरुवारची वेळ घेतली. गाडी चुकली असणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. एकोणतीस वर्षं तो ऐरोलीच्या कंपनीत पंपांची डिझाइनं करत होता, यंत्रं कुठे चुकतात ते त्याला ठाऊक होतं. बायकोकडे त्यानं वर बघितलंदेखील नाही, आणि त्याचाच वसुधाला सगळ्यात जास्त त्रास झाला.

गाडी आली ती सासूबाई गेल्यावर दोन महिन्यांनी. उंच, राखाडी, फार मोठी नाही; सोसायटीच्या पार्किंगमध्ये बरोबर मावणारी, पण आत बसलं की कुणाच्यातरी श्रीमंत घरी पाहुणे म्हणून आल्यासारखं वाटायचं. श्याम म्हणाला होता, "आता तरी जरा जगू या." त्यांचा मुलगा धवल बंगळुरूहून आला, दोन दिवस गाडीत बसून त्यानं सगळं लावून दिलं, प्रत्येकाच्या नावाची सीट, आरसे, दिव्यांचे रंग. आईसाठी त्यानं निळा रंग ठेवला. गाडीत एक बाई बोलायची. तिला 'मुलुंड' समजायचं पण 'भांडुप' म्हटलं की ती भलतीकडेच न्यायची. वळणावर पुढच्या काचेत बाण उमटायचे. मागे घेताना स्क्रीनवर आपलीच गाडी वरून दिसायची, आकाशातून कुणी बघत असल्यासारखी, चारी बाजूंनी मोकळी जागा आणि मधे बंद टप. आत कोण आहे ते त्यात दिसत नसे. एकावन्नाव्या वर्षी वसुधा गाडी शिकली. शिकवणारे मास्तर म्हणाले, ताई, तुम्ही क्लच नसलेल्या गाडीवर शिकताय, तुम्हाला काय कठीण आहे. कठीण काहीच नव्हतं. पहिल्यांदा एकटी बसली आणि दार ओढून घेतलं, तेव्हा एक जाड, मऊ आवाज झाला आणि सगळं बंद झालं. एल.बी.एस. रोडवरच्या मेट्रोचं ड्रिलिंग, भाजीवाला, शेजारच्या विंगमधला कुकर, सगळं काचेबाहेर तोंडं हलवत राहिलं. तिनं श्वास घेतला तो तिला ऐकू आला. इतक्या दिवसांत आपला श्वास आपण ऐकलेला नाही असं तिला वाटलं, आणि मग दचकून तिनं गाडी सुरू केली.

गार्गी तिच्या शाळेतली, दोघींनी मिळून मुलुंडच्या त्या शाळेची लायब्ररी सोळा वर्षं सांभाळली होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा वसुधानं नोकरी सोडली. गार्गी निवृत्त होऊन दिंडोशीला राहायला गेली. गाडी हातात आल्यावर तिच्याकडे सोमवारी आणि गुरुवारी दुपारी जायचं असं ठरलं. पवईवरून, जोगेश्वरीच्या लिंक रोडनं, मग हायवे. पाचसहा वेळा गेल्यावर एकदा गार्गी घरी नव्हती, दाताच्या डॉक्टरकडे अडकली होती. "थांब गं, आलेच," म्हणाली. वसुधानं गाडी दिंडोशी कोर्टाच्या पुढच्या आतल्या रस्त्यावर, कॉलनीच्या भिंतीलगत लावली, एसी चालू ठेवला, सीट थोडी मागे केली. पाऊण तासानं गार्गीचा फोन आला तेव्हा तिला राग आला. गार्गी उशिरा आली म्हणून नव्हे, आली म्हणून. नंतर ती मुद्दाम अर्धा तास आधी निघू लागली. डिसेंबरमध्ये गार्गी मुलाकडे नाशिकला कायमची गेली. वसुधानं तिला ट्रॉलीबॅग भरायला मदत केली, रडलीदेखील, आणि पुढच्या सोमवारी जेवण आटोपून श्यामला मेसेज टाकला, गार्गीकडे जातेय. हे खोटं आहे हे तिला भांडुपच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं. परत फिरावंसं वाटलं नाही. तिथे ती दीड-दोन तास बसायची. वाचत नसे, गाणी लावत नसे, मोबाइल पर्समध्ये. समोरची भिंत, भिंतीवरून बाहेर आलेली बोगनवेल, कोर्टात येणारीजाणारी माणसं, फायली छातीशी धरलेल्या बायका. साडेचारला निघायची. घरी पोचली की श्यामची कंपनीची बस यायला अजून तासभर असे.

तिथे एक टायपिस्ट बसायचे, दशरथ नावाचे, मूळचे कणकवलीकडचे; झाडाखाली टेबल, वर छत्री, प्रतिज्ञापत्रं करून देत. महिनाभर त्यांनी तिला पाहिलं आणि एक दिवस काचेवर टकटक केली. "बाई, तारीख लागत नाय काय? रोज येऊन बसतास." ती काच खाली करून म्हणाली, "पुढच्या गुरुवारी आहे." "माझी बहीण अशीच सात वर्षां येय. धीर धरूचो." त्यांनी तिला पाणी हवं का विचारलं. तिला बरं वाटलं, आणि आपण या माणसालाही फसवलं म्हणून वाईटही वाटलं. त्यानंतर ते लांबूनच मान हलवायचे. आपल्या नसलेल्या खटल्याचा तिला आधार वाटू लागला होता.

शनिवार ते गुरुवार या पाच दिवसांत तिनं बरीच उत्तरं तयार केली. बँकेचं काम, गार्गीची वाट, चक्कर आली म्हणून थांबले. प्रत्येक उत्तर एका दिवसाला पुरत होतं, महिन्यातल्या नऊ दिवसांना नाही. कधी तिला वाटे, खरं सांगून टाकावं: मी गाडीत बसते. पण 'कशासाठी' असं तो विचारणारच, आणि त्याच्यापुढे तिच्याजवळ वाक्य नव्हतं. एखादा पुरुष असता तर सांगता आलं असतं. श्यामला धक्का बसला असता, भांडण झालं असतं, पण गोष्ट समजली असती. सोमवारी ती गेली नाही. दुपारभर घरात राहिली, कपाटं आवरली, मसाल्याचे डबे पुसले. आणि सव्वाचार झाले तेव्हा, रोज व्हायचं तसंच, तिचे कान आतल्या खोलीकडे लागले. खोलीत आता कुणी नव्हतं. पलंग सोसायटीतल्या रत्नप्रभा मावशींना दिला होता, तिथे श्यामचं टेबल आलं होतं. तरी मान त्या बाजूला वळायची, हातातलं काम थांबायचं, आणि पायांना उठायची सवय होती म्हणून ते उठायचे. तीन वर्षं दिवसातून चाळीस वेळा त्या खोलीतून हाक आली होती. पाणी, कूस बदल, पंखा कमी कर, कोण आलं गं, किती वाजले. कधी नुसतीच हाक, काम काही नसायचं. वसुधा जायची. चिडून जायची, पोळी तव्यावर टाकून जायची, पण जायची. सगळी म्हणायची, मुलगी करणार नाही इतकं सुनेनं केलं. ते खरंही होतं, एक दुपार सोडून.

त्या दुपारी ती गॅलरीत स्टुलावर बसून वाळलेल्या चादरींच्या घड्या करत होती. खाली ड्रिलिंग चाललं होतं. सव्वाचारला त्या आवाजाच्या आतून हाक आली. पूर्ण नाही, हाकेचं शेवटचं टोक तेवढं, लांबवलेला 'आ'. वसुधाचे पाय सवयीनं हलले आणि तिनं ते थांबवले. ठरवून. पाच मिनिटं, असं ती मनात म्हणाली. पाच मिनिटांनी काही होत नाही. चादर मांडीवर घेऊन ती बसून राहिली. ऊन होतं, चादर गरम होती, आणि ते इतकं सुखाचं वाटलं की पाचाची आठ मिनिटं झाली. ती आत गेली तेव्हा सासूबाईंचे डोळे दाराकडे होते आणि हात पलंगाच्या कठड्यावरून बाहेर आला होता. श्याम त्या दिवशी घरूनच काम करत होता, बेडरूमचं दार लावून, कानाला हेडफोन. तिनं दार उघडून त्याला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट, एका क्षणात, काही करता आलं नसतं. येईल त्याला वसुधा सांगत राहिली, झोपेतच गेल्या. श्यामलाही तेच सांगितलं. तो मान हलवून म्हणाला, "बरं झालं, त्रास झाला नाही." या गोष्टीला चौदा महिने झाले होते. घरात कुणी तिला नावानं हाक मारत नव्हतं. श्याम 'अगं' म्हणायचा, धवल आई. नाव हाकेत यायचं ते त्या खोलीतूनच. आणि अजून येत होतं, रोज सव्वाचारला, गाडीचं दार ओढून घेतलं तरच थांबायचं.

गुरुवारी दहा वाजता ते अंधेरीला सर्व्हिस सेंटरमध्ये पोचले. वातानुकूलित हॉल, कॉफीचं मशीन, काचेपलीकडे उचलून धरलेल्या गाड्या. दिशा नावाची सल्लागार होती, सव्विसेक वर्षांची, हसतमुख. श्यामनं तिला सगळं मुद्देसूद सांगितलं, प्रिंटही काढून नेली होती. ती गाडी घेऊन गेली आणि अर्ध्या तासानं टॅब घेऊन आली. "सर, गाडी एकदम ओके आहे. सेन्सर, बॅटरी, सगळं." "मग अठरा तास?" "डेटा करेक्ट आहे सर. गाडी खरंच उभी होती. हे बघा ना." तिनं टॅब वळवला. नकाशावर मुलुंडपासून निघालेल्या निळ्या रेघा होत्या, सगळ्या एकाच रस्त्यानं गेलेल्या, आणि दिंडोशीला एक जाडसर ठिपका. प्रत्येक सोमवार, प्रत्येक गुरुवार. वसुधा त्या ठिपक्याकडे बघत राहिली. इतके महिने जिथे आपण कुणाला दिसत नाही असं तिला वाटलं होतं, तिथे कुणीतरी पेन टेकवून धरलं होतं. दिशानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग श्यामकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ड्रायव्हर वेट करत असेल ना सर तिथे? एसी लावून बसतात ते लोक. खूप कॉमन आहे." ती मुलगी आपल्याला वाट काढून देतेय हे वसुधाला समजलं. "आमच्याकडे ड्रायव्हर नाही," श्याम म्हणाला. "मी असते," वसुधा म्हणाली. श्यामनं प्रिंटची घडी केली, मग आणखी एक घडी केली. दिशानं टॅब बंद केला. "गाडी धुऊन देतेय मॅम, दहा मिनिटं," एवढंच म्हणून ती गेली.

गाडी धुऊन आली. दोघं असली की नेहमी तोच चालवायचा. आज तो डावीकडे जाऊन बसला. तिनं सीट पुढे घ्यायच्या आतच ती आपोआप पुढे आली, निळे दिवे लागले. "गार्गीकडे जातेस ना? मग वर का जात नाहीस?" "गार्गी नाशिकला गेली." "कधी?" "डिसेंबरात." त्यानं बोटांवर महिने मोजले नाहीत, पण बोटं मोजल्यासारखी थांबली. "बरं, चल. दाखव कुठे ते." "आत्ता?" "आत्ता नाही तर कधी." हायवेला गर्दी नव्हती. जोगेश्वरी, गोरेगाव. तिच्या हातांना रस्ता पाठ होता. शेजारी कुणी बसलेलं असताना ती या रस्त्यानं कधी आली नव्हती, आणि आपण त्याला आपल्या घरी नेतोय, घर मात्र आवरलेलं नाही, असं काहीतरी तिला वाटत होतं. भिंतीलगत जागा रिकामी होती. तिनं गाडी लावली. एसी चालू होता. "इथे?" त्यानं विचारलं. "हो." "आणि काय करतेस?" "काही नाही." तो खाली वाकून पुढच्या काचेतून वर, डावीकडे, उजवीकडे बघू लागला, मशीनमधला बिघाड शोधताना बघायचा तसा.

काचेवर टकटक झाली. दशरथ होते. तिनं काच खाली केली. "आज साहेबांकपण घेऊन इलास. बरां केलात. आज निकाल?" "नाही. पुढची तारीख." "लागतली लागतली," असं म्हणून त्यांनी श्यामला नमस्कार केला आणि ते टेबलाकडे गेले. काच वर गेली. श्यामचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "कसली तारीख? कोर्ट आहे ना हे." "त्यांना वाटतं माझी केस आहे." "आहे का?" "नाही रे." "वकीलबिकील गाठला असशील तर सांग. मी ऐकून घेईन. असं लपून..." त्याचा आवाज कापला. सत्तावीस वर्षांत तिनं तो आवाज कापलेला ऐकला नव्हता, आईच्या दहाव्यालाही नाही. त्याला घटस्फोटाची भीती वाटतेय हे लक्षात आल्यावर तिला त्याची कीव आली, आणि इतके दिवस न सापडलेलं वाक्य एकदम तोंडातून बाहेर पडलं. "घरी मला आईंची हाक ऐकू येते, श्याम. इथे येत नाही, म्हणून बसते."

मग तिनं सगळं सांगितलं, समोरच्या भिंतीकडे बघत, दिशाच्या टॅबसारखं, क्रमानं. चादरी. ड्रिलिंग. हाक. पाच मिनिटं म्हणून बसले, आठ झाली. डोळे दाराकडे होते. झोपेत गेल्या नाहीत, मी खोटं सांगितलं. "त्यांनी मला हाक मारली आणि मी गेले नाही." आता तो काय म्हणेल याची तिनं वाट पाहिली. त्यानं ओरडावं अशी तिची तयारी होती. 'जाऊ दे' असं त्यानं म्हणू नये, एवढंच तिला वाटत होतं.

"तुला नव्हती मारली," श्याम म्हणाला.

"काय?"

"हाक. तुला नव्हती." तो आपल्या तळहातांकडे बघत होता. "मला मारली होती. बाळ्या म्हणाली. पन्नास वर्षांत तिनं मला बाळ्या म्हटलं नव्हतं, शाळेत जायला लागलो तेव्हा बंद केलं होतं. हेडफोन एकाच कानाला होता. स्वच्छ ऐकू आलं. माझं प्रेझेंटेशन चालू होतं, चेन्नईचे लोक होते समोर. मी त्यांना म्हटलं, वन मिनिट. आणि मग म्हटलं, नको, संपवूनच जाऊ, वसुधा आहे की घरात. पुढची स्लाइड लावली." त्यानं तळहात पालथे केले. "तू आत गेलीस ते पावलं वाजली तेव्हा मला कळलं. बरं वाटलं मला. सुटलो असं वाटलं. आणि मग तू दार उघडलंस. तू म्हणालीस, झोपेत गेल्या. मला वाटलं, हिला ऐकूच आलं नाही. देवानं वाचवलं असं वाटलं मला. तेव्हापासून तू समोर आलीस की वाटतं, हिला कळेल. म्हणून तर..." त्यानं हात गाडीभर फिरवला, स्क्रीनवरून, दिव्यांवरून, काचेच्या छतावरून, आणि तो हात मांडीवर परत ठेवला.

वसुधाला आधी राग आला. चौदा महिने एकाच ताटलीत पोळ्या वाढल्या, एकाच पंख्याखाली झोपलो, आणि याच्याजवळ ते नाव होतं. मग सुटकेसारखं काहीतरी झालं, खांद्यांवरून काही उतरून गेल्यासारखं. पण त्याच्याही खाली तिला एक पोकळी लागली, आणि ती अनपेक्षित होती. ती हाक तिची नव्हती. शेवटच्या क्षणी त्या बाईला सून आठवली नव्हती. इतके दिवस तिनं जी जपली, जिच्यासाठी खोटं बोलली, जिच्यापासून पळत दोन दोन तास इथे येऊन बसली, ती दुसऱ्याचीच होती. चुकून तिच्या दारात पडलेल्या पत्रासारखी. गुरुवारी इथे यायला आता काही कारण उरलं नाही असं तिच्या मनात आलं आणि तिला एकदम एकटं वाटलं, गाडीत एकटी बसायची तेव्हाही वाटलं नव्हतं इतकं.

श्याम रडत होता. आवाज होऊ नये म्हणून त्यानं तोंडावर प्रिंटची ती घडी धरली होती. रडायची सवय नसलेल्या माणसासारखा तो मधेच थांबून खोकत होता. बाहेर दशरथ कुणाचा तरी अर्ज वाचून दाखवत होते, बोट ओळीवरून चाललं होतं. काचेतून शब्द येत नव्हते. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वसुधाला वाटलं. हात निघाला नाही. जे तिला कुणी म्हणावं असं वाटत होतं ते त्याला म्हणता येईना. खूप वेळानं त्याचं खोकणं थांबलं. त्यानं नाक पुसलं. तिच्याकडे न बघता, भीत भीत, तो म्हणाला, "वसुधा."

ती लगेच बोलली नाही. एक मिनिट गेलं असेल, दोनही असतील. तो पुन्हा हाक मारत नव्हता, नुसता बसून होता. मग तिनं त्याच्याकडे मान वळवली आणि ओ दिली.